निधडी छाती कशाला म्हणावे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



निधडा म्हणजे न कचरता सामोरा जाणारा. त्याचे सोयरे शब्द पुष्कळ : निडर, निर्भय, बेडर, धाडसी, हिंमतवान. पण सगळ्यांचे वजन सारखे नाही. 'बेडर' म्हणताना थोडी बेपर्वाई डोकावते. धाडस घडीभरातही उरकते. जुन्या धर्मशास्त्रात तर 'साहस' हे जबरदस्तीच्या गुन्ह्याचे नाव होते. 'धैर्य' मात्र धीरातून आले. भीती पोटात असली तरी ते पाय मागे घेत नाही.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचा चढलेला भाव कोसळला आणि मानेवर सावकाराचे कर्ज राहिले. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. हे धैर्य. १२ मे १८७५ रोजी सुप्याला सावकारांवर हल्ला झाला, मग गावोगाव कर्जखते जळाली. हे धाडस. धरपकड झाली, पण सरकारही हलले. १८७९ च्या कायद्याने पुणे, नगर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांत कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

भावांनो, बहिष्कार एकट्याला जमत नाही. निधडी छाती काठी उगारण्यातच असते असे नाही. कापूस मोजताना "काटा दाखवा" म्हणा. अंगठा उठवण्याआधी "कागद वाचून दाखवा" म्हणा. एकट्याची जीभ अडखळते. म्हणून शेजाऱ्याच्या कागदाच्या वेळी आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहू या.