हनुवटीची जखम



जन्मसमयी चेहऱ्याचे कवटीशी प्रमाण सुमारे १:८ असते. प्रौढपणी ते १:२.५ होते. म्हणूनच नुकते चालू लागलेले मूल पडले की बहुधा कपाळ आपटते. शाळकरी वयात चेहरा पुढे येतो. मग खेळताना वा सायकलवरून पडताना समोरचे दात, ओठ आणि हनुवटी यांना मार बसतो.

यांपैकी हनुवटीची जखम फसवी. तेथील आघात जबड्यातून कानापुढील सांध्यापर्यंत पोहोचतो आणि तेथले कोवळे हाड मोडू शकते. वर मात्र दोन टाक्यांची जखम दिसते. आपण हळद दाबतो व निश्चिंत होतो. पुढे सांधा आखडला, तर तोंड उघडेनासे होते, जबड्याची वाढ खुंटते.

तेव्हा हनुवटी फुटली की मुलाला तोंड उघडावयास सांगावे. कानापुढे दुखते का, हनुवटी एका बाजूस वळते का, दात पूर्वीसारखे जुळतात का, हे पाहावे. शंका येताच डॉक्टरांकडे न्यावे. वेळीच कळल्यास बहुतेक मुले शस्त्रक्रियेवाचून, मऊ आहार व जबड्याच्या व्यायामाने बरी होतात. आजी-आजोबा दूर गावी असलेल्या आपल्या घरांत ही नजर आई-वडिलांनीच ठेवावयाची आहे.