जेरुसलेमचीं दोन पत्रें

शहादे तालुक्यांतील ब्राह्मणपुरीसारख्या गांवीं जमिनीचा तंटा निघाला, कीं दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. कागदावर नांव कोणाचें, हा पहिला; आणि आजवर नांगर कोणी धरला, हा दुसरा. दोहोंचें उत्तर एकच असेल तर तंटा फार दिवस टिकत नाहीं. तें जेथें भिन्न असतें, तेथें कायदा एका बाजूस आणि न्याय दुसऱ्या बाजूस उभा राहिलेला दिसतो. १९७१-७२ सालीं या भागांतील भिल्ल शेतमजुरांनीं हातच्या गेलेल्या जमिनींसाठीं जी चळवळ उभारली, तिच्या मुळाशीं हाच भेद होता. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे भिल्ल समाजांतीलच पुढारी. परंतु त्यांच्या जोडीस सर्वोदयी कार्यकर्ते आणि शहरांतून आलेले सुशिक्षित तरुणही उभे राहिले. ज्यांची स्वतःची तसूभर जमीन गेली नव्हती, अशांनीं ती मागणी आपली मानली.

दुसऱ्याच्या हक्कासाठीं असें उभें राहणें कठीण खरें. परंतु तो हक्क आपल्याच लोकांच्या हातून बुडत आहे, असें म्हणण्याची पाळी आली, तर तें त्याहूनही कठीण. पॅलेस्टाइनमधील अरबांच्या हक्कांसाठीं ज्या यहुद्यांनीं आवाज उठविला, त्यांच्यावर ही दुसरी पाळी आली. त्यांच्या प्रयत्नांचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना असून, त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण वर्ध्याजवळच्या एका खेड्याशीं निगडित आहे.

यहुदी म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम कोंकणांतील बेने इस्राएल येतात. शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हें नांव पडलें. त्यांच्या घरांत मराठी भाषा नांदली आणि शेजाऱ्यांकडून धर्मासाठीं छळ झाल्याचें त्यांच्या अनुभवांत नाहीं. युरोपांतील यहुद्यांचें नशीब निराळें होतें. रशियांत १८८१ पासून त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. पुढें जर्मनींत तर त्यांचें माणूसपणच नाकारलें गेलें. अशा लोकांना स्वतःची भूमि असावी असें वाटलें, यांत नवल तें काय? ही व्यथा ध्यानांत घेतल्यावांचून पुढील हकीगत नीट समजावयाची नाहीं. निवारा शोधणाऱ्याची गरज खोटी नव्हती. प्रश्न इतकाच होता, कीं जेथें नवें घर बांधावयाचें, तेथें आधींपासून कोणी राहत आहे कीं काय.

हा प्रश्न आरंभींच विचारणारे लोक यहुद्यांतीलच होते. आशर गिन्सबर्ग हे रशियांतील विचारवंत ‘आहाद हाआम’ या टोपणनांवानें लिहीत. १८९१ सालीं ते पॅलेस्टाइन पाहून आले. ती भूमि ओसाड आहे, जाणाऱ्यानें जावें आणि हवी तेवढी विकत घ्यावी, अशी त्या वेळीं युरोपांत समजूत होती. पेरणीस योग्य आणि तरीही पडीक अशी जमीन तेथें मिळणें कठीण आहे, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. नवे वसाहतवाले अरबांशीं उद्दामपणें वागतात, याबद्दलही त्यांनीं स्वकीयांचे कान उपटले.

गॅलिलींतील वसाहतींत शिक्षकाचें काम केलेले यित्झाक एपस्टाइन यांनीं याच्याही पुढें पाऊल टाकलें. १९०५ सालीं बाझल येथें त्यांनीं दिलेलें व्याख्यान १९०७ सालीं ‘लपलेला प्रश्न’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं प्रसिद्ध झालें. जमीन दूर शहरांत राहणाऱ्या जमीनदाराकडून रीतसर विकत घेतली जाते. पण ती कसणारीं कुळें पिढ्यान् पिढ्या तेथेंच राहत आलेलीं असतात, आणि खरेदीखत झालें कीं त्यांना उठावें लागतें. गांव सोडून जाणाऱ्या अरब बायकांचा आक्रोश आपल्या कानांत अजून घुमतो, असें एपस्टाइन यांनीं नमूद केलें. कायद्यानें आपली बाजू बिनतोड असेल, परंतु तेवढ्यानें आपण निर्दोष ठरतों काय, असा त्यांचा सवाल होता. कागद आणि नांगर यांचा तोच भेद गॅलिलींतही उभा राहिला होता.

हिंदुस्थानच्या वाचकांस या संदर्भांत आणखी एक नांव परिचयाचें वाटेल. २० ऑगस्ट १९१७ रोजीं पार्लमेंटांत हिंदुस्थानास क्रमाक्रमानें जबाबदार राज्यपद्धति देण्याची घोषणा करणारे भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे स्वतः यहुदी होते. त्याच महिन्यांत त्यांनीं सरकारांतील सहकाऱ्यांपुढें एक टिपण ठेवून, पॅलेस्टाइन हें यहुद्यांचें राष्ट्रीय घर म्हणून जाहीर करण्यास कडवा विरोध केला. आपण इंग्रज आहोंत आणि उद्यां आपल्याला परके ठरविलें जाईल, ही चिंता त्यांच्या विरोधाचें मुख्य कारण होती. तथापि, यहुद्यांना जागा देण्यासाठीं तेथील मुसलमान व ख्रिस्ती रहिवाश्यांनीं दूर सरावें, ही कल्पनाही त्यांना अन्यायाची वाटली. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यांत यहुदी नसलेल्या रहिवाश्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येऊं नये, असें कलम होतें. राजकीय हक्कांचा मात्र त्यांत उच्चार नव्हता. आणि लोकसंख्येंत दहांपैकीं नऊ असलेल्या अरबांचा त्यांत नांवानें निर्देशही नव्हता.

पुढें ब्रिटिश अंमल सुरू झाल्यावर जेरुसलेममध्यें १९२५ सालीं ‘ब्रित शालोम’, म्हणजे शांतीचा करार, या नांवाचें एक छोटें मंडळ निघालें. पॅलेस्टाइन हें यहुदी आणि अरब या दोन्ही राष्ट्रांचें समान घर असावें, राज्यकारभारांत एकानें दुसऱ्यावर वर्चस्व गाजवूं नये, असें त्याचें प्रतिपादन होतें. सभासद फारच थोडे. परंतु त्यांत तत्त्वज्ञ आणि इतिहासकार अशी विद्वान मंडळी होती. याच विचाराचे दोन पुरुष म्हणजे जुडा मॅग्नेस आणि मार्टिन बूबर. मॅग्नेस हे अमेरिकेंत जन्मलेले धर्मगुरु. पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं युद्धास उघड विरोध केला होता, आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाची धुरा आरंभापासून त्यांच्याकडे होती. बूबर हे जगद्विख्यात तत्त्वज्ञ. १९३८ सालीं जर्मनी सोडून ते जेरुसलेमला आले. दोघेही यहुद्यांच्या पुनर्वसाहतीचे पुरस्कर्ते होते, ही गोष्ट विसरतां कामा नये. आपला हक्क सोडून द्यावा असें त्यांचें म्हणणें नव्हतें. आपल्या हक्काबरोबरच दुसऱ्याचा हक्कही खरा आहे, हें त्यांचें म्हणणें होतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना वर्ध्याकडे वळावें लागलें. नोव्हेंबर १९३८ मध्यें जर्मनींत एका रात्रींत शेंकडों यहुदी प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं. पुढें सेवाग्राम या नांवानें प्रसिद्ध झालेल्या शेगांव या खेड्यांत गांधीजी त्या वेळीं राहत होते. यहुद्यांविषयीं आपलें मत सांगावें, अशी विनंति करणारीं पत्रें त्यांच्याकडे येत. दक्षिण आफ्रिकेपासूनचे त्यांचे कांहीं जिवलग सहकारी यहुदी होते. टॉलस्टॉय फार्मसाठीं आपली अकराशें एकर जमीन देणारे हेर्मान कालेनबाख त्यांपैकींच एक. गांधीजींनीं २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्यें लेख लिहिला. यहुद्यांच्या छळाबद्दल त्यांनीं मनापासून सहानुभूति व्यक्त केली. परंतु सहानुभूतीमुळें न्यायाकडे डोळेझांक करतां येत नाहीं, असें म्हणून, इंग्लंड जसें इंग्रजांचें तसें पॅलेस्टाइन अरबांचें, असा निर्वाळा दिला. जर्मनींतील यहुद्यांनीं सत्याग्रह करावा, असा सल्लाही त्याच लेखांत होता.

या लेखास जेरुसलेमहून दोन उत्तरें लिहिलीं गेलीं. बूबर यांचें पत्र २४ फेब्रुवारी १९३९ चें, मॅग्नेस यांचें २६ फेब्रुवारीचें. ज्या दोघांनीं स्वकीयांचा रोष पत्करून अरबांचा हक्क मान्य केला होता, त्यांनाच गांधीजींस विरोध करावा लागावा, हा योग विलक्षण खरा! हिंदुस्थानांतील सत्याग्रही तुरुंगांत गेला तर जग पाहतें; जर्मन छळछावणींतील यहुद्याच्या मरणाला साक्षीदारच नाहीं, मग त्याच्या आत्मबलिदानाची साक्ष कोणापर्यंत पोंचणार, अशा आशयाचा बूबर यांचा प्रश्न होता. तो प्रश्न अद्यापही वाचणाऱ्यास अंतर्मुख करतो. जमिनीविषयीं त्यांचें मत असें, कीं कोणतीही भूमि जेत्यास ईश्वरानें केवळ उसनी दिलेली असते, आणि तो तिचें काय करतो हें ईश्वर पाहत असतो. अरब व यहुदी यांचे दोन दावे परस्परांविरुद्ध उभे आहेत आणि दोन्ही जिवंत आहेत. त्यांतून समेटाचा मार्ग काढलाच पाहिजे, आणि आपल्या मंडळीनें त्याचा ध्यास कधींही सोडलेला नाहीं, असें त्यांनीं गांधीजींस कळविलें. या पत्रांना गांधीजींचें उत्तर उपलब्ध नाहीं.

त्यानंतर घटनांनीं वेग घेतला. १९४२ सालीं मॅग्नेस, बूबर आणि हेन्रिएटा झोल्ड यांनीं ‘इहुद’ हें मंडळ स्थापन केलें. युरोपांत साठ लाख यहुद्यांची हत्या झाल्यावर समेटाच्या भाषेस श्रोते उरले नाहींत. जुलै १९४६ मध्यें ‘हरिजन’मधून गांधीजींनीं पुन्हां लिहिलें. यहुद्यांवर जगानें क्रूर अन्याय केला हें मान्य करून, परक्या सत्तांच्या पाठबळानें आणि दहशतवादानें स्वतःस पॅलेस्टाइनवर लादण्यांत ते चुकत आहेत, असें त्यांनीं सांगितलें. १९४७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढें मॅग्नेस यांनीं फाळणीविरुद्ध आणि दोन्ही राष्ट्रांच्या समान राज्याच्या बाजूनें साक्ष दिली. त्याच समितींतील भारताचे प्रतिनिधि सर अब्दुर रहमान यांनीं इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह संघराज्याची सूचना पुरस्कारिली. दोन्ही योजना एकच नव्हत्या. तरी एक देश न तोडतां दोन लोकांस राहूं द्यावा, हा हेतु समान होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं ३३ विरुद्ध १३ मतांनीं फाळणीचा ठराव संमत झाला; भारताचें मत विरुद्ध पडलें. त्यानंतरच्या युद्धांत सुमारें सात लाख पॅलेस्टिनी लोक बेघर झाले. युद्ध थांबवावें आणि या निर्वासितांकडे लक्ष द्यावें, अशी खटपट करीत असतांनाच २७ ऑक्टोबर १९४८ रोजीं मॅग्नेस न्यूयॉर्क येथें निवर्तले.

पुरस्कर्ते पराभूत झाले, परंतु प्रश्न विचारणारे संपले नाहींत. इस्राएलमधील अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. बूबर यांनीं मरेपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत, त्याचा निषेध केला. २९ ऑक्टोबर १९५६ रोजीं काफ्र कासिम या गांवीं सीमा-पोलिसांनीं शेतांतून घरीं परतणाऱ्या निरपराध अरबांवर गोळ्या झाडल्या व ४९ जण मारले गेले. त्याविरुद्ध इस्राएलमध्येंच संताप उसळला. १९६७ च्या युद्धांत जिंकलेल्या प्रदेशावरील सत्ता इस्राएलला आंतून पोखरील, असा इशारा येशायाहू लाइबोविट्झ या धर्मनिष्ठ विद्वानानें दिला. १९८८ पासून जेरुसलेमच्या चौकांत काळीं वस्त्रें नेसलेल्या स्त्रिया मूकपणें उभ्या राहूं लागल्या. त्याच वर्षीं मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या धर्मगुरूंची संस्था निघाली, आणि तिचे लोक ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या रक्षणार्थ त्यांच्या मळ्यांत जाऊं लागले. १९८९ सालीं स्थापन झालेली ‘बेत्सेलेम’ ही संस्था व्याप्त प्रदेशांतील अत्याचारांची नोंद ठेवूं लागली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यांत ठार झालेल्यांमध्यें विवियन सिल्व्हर ही वृद्ध शांतिकार्यकर्तीही होती. गाझावर भयंकर बॉंबवर्षाव सुरू झाल्यावर, त्याच महिन्याच्या २७ तारखेस न्यूयॉर्कच्या मुख्य रेल्वेस्थानकांत शेंकडों यहुद्यांनीं ठाण मांडून युद्धबंदीची मागणी केली व अटक करून घेतली. सत्याग्रहाची ही रीत मराठी वाचकास अपरिचित नाहीं.

या लोकांवर दोन बाजूंनीं आक्षेप येतात. त्यांचे स्वकीय म्हणतात, शत्रू दारांत असतां हे घरच्यांचे दोष काढतात. दुसरीकडे अनेक अरबांनीं मॅग्नेस-बूबर यांस विचारलें, कीं आमच्या देशांत आमच्या संमतीवांचून इतरांनीं येत राहावें, हें तुम्ही सोडतां कोठें? दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. पहिल्यास उत्तर असें, कीं घरच्यांचा दोष घरच्यानें दाखविला तरच तो वैरबुद्धीनें दाखविला नाहीं, असें मानण्यास जागा राहते. दुसऱ्याचें समाधानकारक उत्तर मॅग्नेस-बूबर यांस देतां आलें नाहीं, आणि त्यांच्या योजनेच्या अपयशाचें तेंही एक कारण होतें. यहुद्यांपैकीं पुढील पिढ्यांतील कांहींनीं म्हणूनच त्यांच्याहून पुढें जाऊन, घर सोडावें लागलेल्या पॅलेस्टिनींचा परतण्याचा हक्कही मान्य केला.

अन्याय सोसलेल्या लोकांना आपल्या दुःखाचा आधार असतो. त्या आधारावर दुसऱ्यास दुःख देण्याची मुभा मात्र मिळत नाहीं. एपस्टाइनपासून आजच्या तरुणांपर्यंत या यहुद्यांनीं एवढीच गोष्ट स्वकीयांस पुनः पुन्हां सांगितली. ती सांगतांना ते संख्येनें नेहमीं थोडे होते आणि राजकारणांत बहुधा हरले. तरीही उद्यां त्या भूमींत दोन्ही लोकांनीं शेजारीं म्हणून राहावयाचें ठरविलें, तर विश्वासाचा पहिला पुरावा म्हणून त्यांना याच थोड्यांचीं नांवें आठवावीं लागतील.