जुनी गाडी बदलताना


जुनी गाडी देऊन दुसरी, वापरलेलीच गाडी घेताय?
मग आधी हे पाहा...
महिन्याला आपली गाडी किती धावते?

कंपनी सांगते ते मायलेज चाचणीतलं असतं.
गर्दीच्या रस्त्यावर ते कमीच भरतं.
म्हणून टाकी फुल्ल करा...
गाडी चालवा...
पुन्हा फुल्ल करा.
धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा.
हे खरं मायलेज.

सीएनजी स्वस्त पडतो.
पण त्याच्या सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी करावी लागते.
15 वर्षं झालेल्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण आलं...
पर्यावरण करही आला.

पुन्हा सांगते, आधी महिन्याचं धावणं मोजा.
ते थोडंच असेल,
तर केवळ मायलेजसाठी जादा किंमत देऊ नका.
ती वसूल व्हायला वर्षं लागतात.
त्यापेक्षा सर्व्हिसिंगची जुनी बिलं मागा...
आणि टायर नीट बघून घ्या.