तगर नगरीत आपले स्वागत



कॅन्सर झालेल्या मुलाच्या घरच्यांना निदान कसे सांगावे, याचा विचार करायला आपण या परिषदेसाठी धाराशिवला आलात. जिल्ह्याच्या वतीने आपले मनापासून स्वागत.

तुळजाभवानीचे दर्शन आपण घ्यालच, नळदुर्गचा पाणीमहालही पाहाल. पण माझा आग्रह तेरचा. तेर म्हणजे प्राचीन तगर. इथला माल भडोचच्या बंदरात जाई, आणि तिथून समुद्रापार. पावसाने पांढर धुपली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. गावचे रामलिंगप्पा लामतुरे त्या वस्तू निष्ठेने जमवत राहिले. तेरचे शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे. इतक्या मोठ्या माणसाचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कुणी घेत नाही, याची मला खंत आहे.

तेर संत गोरा कुंभारांचे, आमच्या गोरोबाकाकांचेही. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांचे तान्हे पायाखाली गेले, ही कथा इथल्या प्रत्येक आजीला पाठ. कथेत विठ्ठल ते मूल परत देतो. आमचे आईबाप ती आशा उराशी धरूनच दवाखान्याची पायरी चढतात.

आपल्या क्षेत्राशीही जिल्ह्याचे नाते आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीवर इथे झालेल्या अभ्यासात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे आले.

आता व्यवस्थेविषयी. उन्हाळा कडक, पाणी टँकरचे, काहींची सोय वसतिगृहात करावी लागली, क्षमस्व. कुठे काही कमी पडले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. मंडप देणारे व्यापारी बंधू, भोजनाचा भार उचललेले औषधविक्रेते, भूमहून कुंथलगिरीचा पेढा पाठवणारे दाते, पहाटेपासून राबणारे विद्यार्थी, सर्वांचा मी ऋणी आहे.

एक मागणे आहे. आमच्याकडे निदान आजोबांना नाहीतर चुलत्यांना व्हरांड्यात सांगितले जाते. “तिला सांगू नका, धीर सोडेल,” म्हणून आईला बाहेर बसवतात. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार बहुधा दोन-तीन वर्षे चालतात. मूल खेळू लागले तरी उपचार का थांबवायचे नाहीत, ताप येताच रुग्णालय का गाठायचे, हे रात्र जागणाऱ्या आईलाच ठाऊक नसेल तर कसे चालेल? निदान सांगताना तिला आत बोलवा, बसायला खुर्ची द्या, आजाराचे नाव तिच्या बोलीत सांगा. परिषदेच्या ठरावात एवढे यावे, ही विनंती.