धार आणि वारसा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास येथे बोलण्याची आज्ञा झाली, हा आपला लोभ होय. हाती खडू धरून आमचा जन्म गेला. रंधा धरला तो फार उशिरा. तथापि सुतारकामाचा आरंभ कोणत्या हत्यारांनी व कोणत्या वस्तूंनी करावा, याविषयी चार शब्द सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहो. त्यामागे एक खंत आहे. ती आधी सांगणे बरे.

आमचे तीर्थरूप गावचे सुतार. कुळव, गाडी, मोटेचे साहित्य घडवावे आणि सुगीला खळ्यावरचे बलुते आणावे, हा त्यांचा संसार. पुढे मोटेच्या जागी पंप आले, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आले आणि खळ्यावरचे बलुतेही संपले. तीर्थरूपांनी आम्हांस शाळेत धाडले व ‘आता वाकस तुझ्या हाती नको’ असे म्हटले. त्यांच्या पश्चात घर आवरताना त्यांची हत्यारांची पेटी आम्ही भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकली. आज त्याची लाज वाटते. त्या वेळी वाटली नाही, हेच अधिक लाजिरवाणे.

काही वर्षांनी माळ्यावर त्यांची एक पटाशी सापडली. नातीने विचारले, ‘आजोबा, हिने काय करतात?’ आम्हांस उत्तर ठाऊक होते, पण करून दाखविता येईना, कारण पटाशीला धार नव्हती व धार लावण्याची विद्या आमच्यापाशी नव्हती. शेजारच्या मेस्त्रींना गुरू करून दोन संध्याकाळ निसण्यावर घालविल्या. तिसऱ्या दिवशी त्या पटाशीने आंब्याच्या लाकडाची पातळ सालपट निघाली, तेव्हा नातीपेक्षा आम्हीच अधिक हरखलो.

बंधुहो, ही करवीरनगरी हातांच्या विद्येला परकी नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव यांच्यापासूनच कारागिरी त्यांच्या घरी नांदत होती. चित्रपटासाठी कॅमेरा हवा झाला, तेव्हा तो त्यांनी सहकाऱ्यांसह येथेच घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. बुद्धी हातात उतरली म्हणजे काय होते, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते द्यावे?

शिक्षणशास्त्रानेही हे ओळखले आहे. १८६६ साली फिनलंडने ग्रामीण शाळांतील मुलांना हस्तव्यवसाय आवश्यक केला. पुढे स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जाणारा लाकूडकामाचा क्रम शिक्षकांना शिकविला. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी हस्तोद्योगालाच शिक्षणाच्या मध्यभागी बसविले.

आता मूळ विषय. नवशिक्याने दुकानात जाऊन मोठा संच घेऊ नये. आठ नग पुरेत: एक करवत, एक रंधा, अर्ध्या व एक इंची अशा दोन पटाश्या, गुण्या, मोगरी, गिरमिट आणि निसणा. यांपैकी निसणा सर्वांआधी घ्यावा. ज्याला धार लावता येत नाही, त्याचे महागडे हत्यारही महिन्याभरात निकामी होते. धार लावता आली, तर साधे हत्यार पिढ्या काढते.

पारख कशी करावी? करवत डोळ्यांसमोर आडवी धरून पाते सरळ आहे का ते पाहावे. किंचित वाकवून सोडली असता ती पूर्ववत सरळ झाली पाहिजे. तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे सारखे झुकलेले असावेत, नाही तर ती लाकडात अडकते. रंध्याच्या तळाला पोलादी पट्टी लावून उजेडाकडे धरावे. फटीतून उजेड आला, तर तळ सपाट नाही. गुण्याने फळीच्या सरळ कडेवरून रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढावी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दुकानदारास परत द्यावा. पटाशीची धार पाहण्याआधी पाठ पाहावी. पाठ सपाट नसेल, तर धार कधीच नीट बसत नाही. जुन्या बाजारातील हत्यारास वरवरचा गंज असला तरी भिऊ नये. मात्र धारेजवळ पाठीवर गंजाचे खड्डे असतील, तर ते घेऊ नये.

पटाशीला साधारण २५ ते ३० अंशांचा उतार ठेवावा व तो कोन निसण्यावर ढळू देऊ नये. हाताला घाई झाली की कोन गोल होतो. आमचे पहिले आठ दिवस याच चुकीत गेले.

वस्तूंचा क्रमही असाच ठेवावा. पहिला धडा, आंब्याच्या लाकडाचा फूटभर तुकडा रंधून चारही बाजू काटकोनात आणणे. वस्तू काहीच होत नाही, पण हात तयार होतो. दुसरा धडा, पाट. एक फळी व खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढेच. परंतु येथे लाकडाचा स्वभाव कळतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून पट्ट्या सर्वांगी सरसाने जखडू नयेत. मधोमध पक्क्या कराव्यात व टोकांकडची छिद्रे किंचित लांबट ठेवावीत. नाही तर वैशाखात पाट चिरतो. तिसरा धडा, हत्यारांची पेटी. चौथा, चौरंग, त्यात साल-कुसवाचा सांधा येतो, म्हणजे एका लाकडाचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसते. चौरंग न डगमगता उभा राहिला, की आरंभ संपला असे समजावे.

लाकूड आरंभी आंब्याचे किंवा फणसाचे घ्यावे. साग उत्तम, पण त्यातील वाळूसारख्या कणांनी धार लवकर मरते, आणि बाभूळ नवख्या हाताला दाद देत नाही.

कोणी म्हणेल, विजेच्या यंत्रांच्या काळात हे कशाला? यंत्रांशी आमचे वैर नाही. केंद्र शासनाच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारांसह १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण व हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य ठेवले आहे. त्याचा लाभ पात्र तरुणांनी अवश्य घ्यावा. परंतु ज्याच्या हाताला लाकडाची शीर कळत नाही, त्याचे यंत्रही लाकूड फाडतेच.

शेवटी दोन विनंत्या. ज्यांच्या माळ्यावर वडिलांची पेटी असेल, त्यांनी ती आज उघडावी; आमच्यासारखे वजनावर देऊ नये. आणि घरातील एका तरी मुलास वा मुलीस यंदा पाट करावयास लावावे. आमच्या नातीने केलेला पाट एका बाजूस जरा कलतो. त्यावर बसूनच आम्ही हे भाषण लिहिले. तीर्थरूपांची पेटी आता परत येणार नाही. मात्र सध्या तिच्या हाती तिसरा धडा आहे. ती पेटी पुरी झाली, की त्यात पहिली वस्तू ती पटाशी ठेवण्याचे ठरले आहे.