आणखी एक थर: गोविंदा पडल्यावर पहिली दहा मिनिटं

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप)

गुरुपौर्णिमा झाली की लालबाग, परळ, दादर, गिरगाव, सगळीकडे रात्री सराव सुरू होतो. ऑफिसमधून आठ-नऊला सुटायचं, दोन घास खायचे आणि थेट मैदानात. तुमच्यातले बरेच जण सरावाला जाता जाताच हे ऐकत असतील, म्हणून आजचा भाग मुद्दाम आत्ताच घेतोय.

विषय आहे पाठीच्या कण्याची दुखापत. म्हणजे थर कोसळला, एक पोरगा मानेवर किंवा पाठीवर पडला, तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आपण काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आमच्या कामात एक चांगली पद्धत असते. सर्व्हर बंद पडल्यावर कोणी काय करायचं, हे तो बंद पडायच्या आधीच लिहून ठेवलेलं असतं. ऐन वेळी डोकं चालत नाही, सवय चालते. आज आपण तशीच सवय लावून घेणार आहोत.

दहीहंडीवर आपल्याकडे चर्चा होते ती उंचीची. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायचं नाही, हा नियम राहिला. २०२२ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, विम्याचीही घोषणा झाली. हेल्मेट, दोरी, गाद्या यावरही आपण बोलतो. पण पोरगा पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांवर फारसं कोणी बोलत नाही. दरवर्षी रात्री मुंबईतल्या जखमी गोविंदांचा आकडा येतो आणि अलीकडे तो शंभराच्या वरच असतो. बहुतेक जण मलमपट्टी करून घरी जातात, सगळेच जात नाहीत.

आता थोडं शरीरशास्त्र, घाबरू नका. आपल्या कण्यात ३३ मणके असतात, त्यातले ७ मानेत. त्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. साधारण करंगळीएवढा जाड, पण मेंदूचे सगळे निरोप हात-पायांपर्यंत यातूनच जातात. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघणाऱ्या नसा श्वासाचा पडदा हलवतात. म्हणून मानेची दुखापत फक्त हातापायांची नसते, ती श्वासाचीही असू शकते.

मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच असं नाही. कधी कधी मणका मोडलेला असतो, पण आतला रज्जू अजून शाबूत असतो. पोरगा पाय हलवतोय, बोलतोय. अशा वेळी त्याला चुकीचं हलवलं, तर मोडलेलं हाड आत सरकून रज्जूला इजा करू शकतं. शिवाय मार लागल्यावर पुढचे काही तास रज्जूला सूज येते. त्यातच रक्तदाब पडला किंवा ऑक्सिजन कमी झाला, तर नुकसान वाढतं. पडण्याचा क्षण आपल्या हातात नव्हता, त्यानंतरचा बराच काळ असतो.

आणि त्या काळात आपण काय करतो? थर कोसळतो, दहा जण धावतात. एक काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो. "ए, उठ, काय नाय झालं, चाल जरा!" कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी पाजतं. मग टॅक्सीच्या मागच्या सीटवर दुमडून बसवायचं आणि सुसाट निघायचं. सगळं प्रेमापोटी. पण मानेला सगळ्यात जास्त धोका याच प्रेमाचा.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो.

पहिलं, गर्दी थांबवा. ढोल आणि डीजे बंद. त्याच्या अंगावर जे पडलेत त्यांना वरून एकेक करून बाजूला घ्या. खालच्याला ओढून काढू नका. आणखी एक, दुखापत फक्त वरून पडणाऱ्याला होते असं नाही. खालच्या थरातल्याच्या मानेवर माणूस आदळला, तर त्यालाही तितकाच धोका. त्यामुळे "मी ठीक आहे" म्हणणाऱ्यालाही विचारा.

दुसरं, १०८ लावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोन करणाऱ्याने पत्ता नीट सांगायचा: कुठली गल्ली, कुठलं नाका, गाडी कुठल्या बाजूने आत येईल. त्या दिवशी निम्मे रस्ते बंद असतात, म्हणून एकाने मेन रोडवर उभं राहायचं आणि गाडीला वाट करून द्यायची.

तिसरं, डोकं धरा. त्याच्या डोक्याच्या मागे गुडघ्यावर बसा, कोपरं मांड्यांवर किंवा जमिनीवर टेकवा आणि दोन्ही तळव्यांनी डोकं दोन्ही बाजूंनी स्थिर धरा. कान झाकू नका, त्याला ऐकू यायला हवं. मान ओढायची नाही. वाकडी असेल तर जबरदस्तीने सरळ करायची नाही. त्याला सांगा, "भावा, मान हलवू नको, मी आहे इथे." रुमाल, उशी गुंडाळून घरगुती कॉलर करायच्या भानगडीत पडू नका. कॉलर लावायचा की नाही, हे गाडीतल्या डॉक्टरला ठरवू दे.

चौथं, प्रश्न विचारा. मान किंवा पाठ दुखते का? हातापायांना मुंग्या येतात का? कुठे बधीर वाटतं का? हाताची बोटं हलव, पायाची बोटं हलव. "मान फिरवून दाखव" असं मात्र कधीच म्हणू नका. नकळत लघवी झाली असेल, पाय जड वाटत असतील, किंवा डोक्याला मार लागून तो गोंधळलेला असेल, तर कण्याला इजा आहे असंच धरून चाला. आणि तो काय म्हणाला, किती वाजता म्हणाला, हे फोनमध्ये टाइप करून ठेवा. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरला हे सोन्यासारखं उपयोगी पडतं.

पाचवं, त्याला कोरडं ठेवा. त्या दिवशी सगळे भिजलेले असतात. मज्जारज्जूला मार लागला की शरीराला तापमान सांभाळता येत नाही. कोरडी चादर अंगावर टाका. खायला-प्यायला काही देऊ नका. उलटी होऊ शकते, ऑपरेशनही लागू शकतं.

आता कठीण प्रसंग. तो बेशुद्ध आहे. मग आधी श्वास, मान नंतर. छाती हलते का बघा. नीट श्वास नसेल तर त्याला उताणा करा आणि छाती दाबायला सुरुवात करा, छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. "मानेला काही झालं तर?" म्हणून थांबू नका. श्वास थांबला तर आपल्याकडे मोजकी मिनिटं असतात.

श्वास आहे, पण उलटी होतेय? मग कुशीवर वळवावं लागतं, लाकडाचा ओंडका फिरवतात तसं, सगळं अंग एकदम. चार माणसं लागतात: एक डोक्याला, एक खांद्याला, एक कमरेला, एक पायांना. ऑर्डर फक्त डोकं धरणाऱ्याची. तो "एक, दोन, तीन" म्हणणार आणि तिनावर सगळे एकत्र वळवणार. नाक, बेंबी, पायाचे अंगठे एका रेषेत राहिले पाहिजेत.

हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? एकाच्या शिट्टीवर सगळ्यांनी एकत्र हलायचं, मध्येच कोणी स्वतःचं डोकं लावायचं नाही. हे तर पथकाला येतंच! लाइफ सपोर्टचा कोर्स केलेल्या माणसालाही जी शिस्त मुश्किलीने जमते, ती आपल्या पोरांकडे आधीच आहे. आपण ती फक्त वर चढायला वापरतो.

ॲम्ब्युलन्स अडकली तर? जागा सुरक्षित असेल, तर वाट बघणंच बरं. आग, पडणारा मंडप, आवरता न येणारी गर्दी असेल तरच हलवा. आणि न्यायचंच झालं, तर १०८ वर बोलून, सपाट फळीवर, डोकं धरून, सगळ्यांनी एकत्र उचलून. पथकाचा टेम्पो टॅक्सीपेक्षा बरा, कारण त्यात आडवं ठेवता येतं. फळी फक्त उचलण्यापुरती. कडक फळीवर तासन्‌तास ठेवलं, तर संवेदना नसलेल्या कातडीला जखमा होतात. कुठे न्यायचं हे आधीच ठरवून ठेवा: परळ-लालबागला केईएम, गिरगावकरांना नायर किंवा जेजे, दादरच्या पुढे सायन.

कॅटलोनियात, म्हणजे स्पेनमध्ये, आपल्यासारखेच मानवी मनोरे रचतात. २००६ मध्ये तिथे एक लहान मुलगी पडून गेली, त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. परंपरा बंद पडली नाही. २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. आपल्यालाही हे जमेल. फक्त हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही, हे विसरू नका.

हे फक्त हंडीपुरतंही नाही. बाईकवरून पडलेला माणूस असो की चाळीच्या जिन्यावर घसरलेले आजोबा, क्रम हाच. म्हाताऱ्या माणसाची मान साध्या पडण्यानेही मोडू शकते. बाईकवाल्याचं हेल्मेट श्वास अडत नसेल तर काढू नका. आणि रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या बदलाने संरक्षण दिलंय, तेव्हा पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका.

मित्रांनो, हाजी अलीला १९५५ पासून सरकारची पुनर्वसन संस्था आहे. कधी तिथल्या गेटसमोरून गेलात तर व्हीलचेअरवर आपल्या वयाची पोरं दिसतात. विम्याचे पैसे मिळतात, पण वर्षानुवर्षं कुशीवर वळवणारी आई असते, नोकरी सोडणारा भाऊ असतो.

म्हणून एकच मागणं आहे. या आठवड्यात सराव संपला की फक्त पंधरा मिनिटं द्या. एकाला जमिनीवर झोपवा. डोकं कोण धरणार, फोन कोण करणार, गर्दी कोण हटवणार, गाडीला वाट कोण दाखवणार, सगळं नावानिशी ठरवा. दोनदा करून बघा. हा थर जमिनीवरच लागतो, त्याला बक्षीस नाही, टीव्हीवरही दिसत नाही. पण लावा.

हा भाग पथकाच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी भेटूच. तोपर्यंत सांभाळून चढा, सांभाळून उतरा.