तारा बदला, भोपळा राखा



 डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिरजेत रुग्णालय उभारले. तेव्हापासून कोकणातले, कर्नाटकातले रुग्ण या गावाची वाट धरत आले. रुग्णालयात काय एकदाच वापरायचे आणि काय पुन्हा वापरायचे, या विषयावर अशा गावात परिषद भरते आहे, याचा आम्हा मिरजकरांना आनंद आहे.

काचेच्या सिरिंजा आणि त्या उकळायची भांडी माझ्या पिढीला आठवतात. त्यांचे गोडवे गायला मी उभा नाही. गुजरातेतल्या मोडासा परिसरात २००९ मध्ये वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे हिपॅटायटिस बी पसरला, माणसे दगावली. सुई एकदाच वापरायची, यावर चर्चाच नको.

पण सुईचा न्याय आपण गाऊन, ड्रेप, ट्रे, लॅरिंगोस्कोप अशा सगळ्यांनाच लावत सुटलो. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत मोतीबिंदूच्या एका फेको शस्त्रक्रियेमागे सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ब्रिटनमधला आकडा याच्या जवळपास वीसपट. अवजारे पुन्हा पुन्हा निर्जंतुक करूनही अरविंदमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण अत्यल्प आहे.

दुसरी बाजूही ऐकू या. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयात भूल देण्याचे साहित्य पुनर्वापराचे आणले, तर खर्च जवळपास निम्मा होतो, पण उत्सर्जन थोडे वाढते, असा हिशेब निघाला. कारण धुण्या-वाळवण्याची वीज कोळशाची होती. आपलीही बहुतेक वीज कोळशाचीच. अर्धा रिकामा ऑटोक्लेव्ह चालवून पर्यावरण वाचत नाही. तो पूर्ण भरावा लागतो आणि छपरावर सौर पॅनेलही बसवावी लागतात.

आमच्या सतारमेकर गल्लीतला कारागीर सतारीच्या झिजलेल्या तारा बदलतो, भोपळा मात्र राखतो. काय टाकायचे आणि काय राखायचे, हा विवेक आपल्यालाही हवा. ‘एकदाच वापरा’ अशी खूण असलेली वस्तू गुपचूप धुऊन वापरणे म्हणजे विवेक नव्हे. खरा निर्णय खरेदी समितीच्या टेबलावर व्हायला हवा, आणि त्या टेबलावर निर्जंतुकीकरण विभागाच्या तंत्रज्ञाला खुर्ची हवी. वस्तू किती वेळा धुता येईल, कुठे जंतू अडकून राहतील, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

  जाताना एवढे करा: आपल्या रुग्णालयाच्या खरेदीच्या यादीतल्या, सुरक्षितपणे पुन्हा वापरता येतील अशा तीन वस्तू निवडा, वर्षभर त्यांचा खर्च, संसर्ग आणि कचरा यांची नोंद ठेवा, आणि पुढच्या परिषदेला ती वही घेऊन या.